काळा घोडा गेला कुठे? : बंदरावरचे पुतळे आणि भायखळ्याची बाग

दक्षिण मुंबईत महात्मा गांधी मार्ग आणि के. दुभाष मार्ग जिथे एकत्र येतात, त्या जागेला सारे शहर 'काळा घोडा' म्हणते. १९६५ ते २०१७ अशी तब्बल ५२ वर्षे त्या जागी घोडा नव्हता. काळा नाही, पांढरा नाही, कोणताच नाही. होता तो मोटारी उभ्या करण्याचा तळ. तरीही टॅक्सीत बसून 'काळा घोडा' एवढेच म्हटले की टॅक्सी बिनचूक तिथे पोहोचत असे. १९९९ पासून त्या नावाचा कलामहोत्सव भरू लागला, तेव्हाही घोडा जागेवर नव्हताच.

मग हा घोडा कोणाचा होता, तो गेला कुठे, आणि तो गेल्यावरही नाव कसे टिकले? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना मुंबईच्या बंदराभोवतीचे पुतळे, कमानी, कारंजी आणि पाट्या यांचा दोनशे वर्षांचा इतिहास समोर येतो. त्यातून एक गोष्ट वारंवार दिसते. चौथऱ्यावर कोणाला उभे करायचे हे सत्ता ठरवते, पण त्या चौथऱ्याला काय म्हणायचे हे सत्तेच्या हाती नसते.

आधी घोडा. नोव्हेंबर १८७५ मध्ये ब्रिटिश गादीचा वारस, प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड, जहाजाने मुंबई बंदरात उतरला. त्याच्या हिंदुस्थानभेटीची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून या बगदादी यहुदी व्यापाऱ्याने शहराला त्याचा अश्वारूढ पुतळा भेट दिला. जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराने तो कांशाचा घडवला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. स्थळही विचारपूर्वक निवडलेले होते. समोर ससून घराण्याच्याच देणगीतून उभारलेले डेव्हिड ससून ग्रंथालय, बाजूला वॉटसनचे आलिशान हॉटेल, आणि विद्यापीठ व उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर. त्या काळच्या मुंबईत याहून मोक्याची जागा सापडणे कठीण होते.

ससूनांची देणगी निरपेक्ष राजभक्ती होती असे समजण्याचे कारण नाही. या घराण्याचा पैसा कापसाचा आणि चीनला जाणाऱ्या अफूचा होता. आणि तो व्यापार साम्राज्याच्या सागरी मार्गांवर अवलंबून होता. राजपुत्र आला त्याच वर्षी, १८७५ मध्ये, कुलाब्याची ससून गोदी बांधून पूर्ण झाली. व्यापाऱ्याने एका हाताने गोदी बांधली आणि दुसऱ्या हाताने राजपुत्राचा पुतळा उभारला. या दोन्ही गोष्टी एकाच खातेवहीत मांडाव्या लागतात.

पुढे जे झाले ते ससूनांच्या हिशेबात नव्हते. येणारे-जाणारे घोड्याकडे पाहत, स्वाराकडे नाही. कांशाचा रंग गडद होता, म्हणून घोडा काळा. आणि घोडा काळा म्हणून जागा 'काळा घोडा'. वर बसलेला माणूस पुढे १९०१ मध्ये सातवा एडवर्ड म्हणून जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याचा राजा झाला, तरी मुंबईच्या बोलीत त्याला जागा मिळाली नाही. यामागे जाणीवपूर्वक केलेला निषेध होता असे म्हणणे ओढूनताणून होईल. हमाल, गाडीवान, कारकून यांना पत्ता सांगण्यासाठी खूण हवी होती. ती घोड्याने पुरवली. पण परिणाम व्हायचा तो झालाच: राजपुत्र अनामिक राहिला आणि त्याचे वाहन अमर झाले.

असे घडण्याची ही पहिली वेळ नव्हती. त्याच्या कितीतरी आधी कोटाच्या आतल्या हिरवळीवर, म्हणजे आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे, लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा एका घुमटीखाली उभा करण्यात आला. कॉर्नवॉलिस १८०५ मध्ये गाझीपूरला मरण पावला. मुंबईकरांचा त्याच्याशी संबंध बेताचाच. पण घुमटी आहे, आत पांढरी शुभ्र मूर्ती आहे, म्हटल्यावर लोकांनी फुले वाहायला आणि हात जोडायला सुरुवात केली. 'छोटे देऊळ' अशा अर्थाचे नावही त्याला पडले. हा देव नाही, हे सरकारी आदराचे स्मारक आहे, असे समजावण्याचा अधिकाऱ्यांनी प्रयत्न केला, पण भाविकांवर त्याचा फारसा परिणाम झाल्याचे दिसत नाही. ज्या इंग्रजांना आपल्या सेनापतीबद्दल आदर हवा होता, त्यांना तो मागितला त्याहून अधिक मिळाला, आणि तोही चुकीच्या खात्यात जमा झाला.

याच्या अगदी उलट टोकाची घटना १८९६ ची आहे. तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण पुतळा ही किती ज्वालाग्राही वस्तू असते हे तिच्याइतके स्पष्ट दुसरी कोणतीही घटना सांगत नाही.

एस्प्लनेडवर, तार कचेरीजवळ, व्हिक्टोरिया राणीचा बसलेला पुतळा होता. पांढरा संगमरवर, मागे-वर गॉथिक धाटणीची कोरीव छत्री. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने तो घडवला होता आणि बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी त्याचा खर्च सोसला होता. १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुढची चोवीस वर्षे तो शहराची शोभा म्हणून दाखवला जात होता. ऑक्टोबर १८९६ मधील एका सकाळी राणीच्या अंगावर डांबर फासलेले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातलेली आढळली.

कोणी केले ते पोलिसांना तेव्हा कळले नाही. उलगडा झाला तो पुण्यात रँडचा वध झाल्यानंतर. २२ जून १८९७ च्या रात्री, याच राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्या प्रकरणी पकडलेल्या दामोदर हरी चापेकर यांनी तुरुंगात मराठीत जे आत्मकथन लिहिले, त्यात मुंबईच्या पुतळ्याला डांबर फासल्याची कबुलीही दिली. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. रँडवरील गोळी आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण चापेकर बंधूंचा संघर्ष एका दगडी राणीपासून सुरू झाला होता, याची आठवण क्वचितच काढली जाते.

या डांबराचे पडसाद मात्र भलत्याच दिशेने उमटले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला होता. डांबर पडले तेव्हा शहर भीतीने ग्रासलेले होते. लोकांना घरांतून उचलून इस्पितळात नेले जात होते आणि नेलेली माणसे बहुधा परतत नव्हती. यातून एक अफवा जन्मली: पुतळ्याच्या अपमानाने राणी कोपली आहे, आणि तिचा राग शमवण्यासाठी इस्पितळांत माणसांची काळजे काढून विलायतेला पाठवली जात आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. त्यामागे अनेक कारणे होती. जबरदस्तीचे विलगीकरण हे त्यातले मोठे. पण अफवेचा आशय बारकाईने पाहावा. ज्यांनी राणीला कधी पाहिले नव्हते आणि पाहणारही नव्हते, त्यांच्या लेखी तार कचेरीजवळचा दगड हीच राणी होती. तिला राग येऊ शकत होता. तिला बळी हवा असू शकत होता. कॉर्नवॉलिसला फुले वाहणारी आणि व्हिक्टोरियाच्या कोपाला भिणारी नजर एकच आहे.

डांबर काढणे हे वेगळेच संकट होते. संगमरवर सच्छिद्र असतो. डाग आत मुरतो. अनेकांनी हात टेकल्यावर विल्सन महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी तो पुतळा स्वच्छ करून दाखवला. हे गज्जर पूर्वी बडोद्याचे. ज्या संस्थानाच्या पैशातून राणी आली, त्याच संस्थानातून तिचे डाग काढणाराही आला. गज्जरांकडे साम्राज्याचा निष्ठावंत सेवक म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. देशी रसायनशास्त्र प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत न्यावे यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, आणि 'अलेम्बिक' या औषधकंपनीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. पुतळ्याने त्यांना प्रसिद्धी मिळवून दिली. ती त्यांनी स्वदेशी उद्योगासाठी वापरली.

आता समुद्राच्या काठाशी जाऊ. 'गेटवे ऑफ इंडिया' ज्या धक्क्यावर उभा आहे त्याचे नाव अपोलो बंदर. ग्रीक सूर्यदेवाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. स्थानिक लोक या जागेला 'पालवा' म्हणत. इंग्रज कानांनी त्याचे 'अपोलो' केले. सरकारने अधिकृत नाव 'वेलिंग्टन पियर' ठेवले होते, आणि वॉटर्लूच्या विजेत्याचे ते नाव आज कोणाच्याही तोंडी नाही. कोळ्यांचा 'पालवा' मात्र वेश पालटून का होईना, टिकला.

२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी दिल्ली दरबारासाठी येथे उतरले. त्यांच्या स्वागताला दगडी कमान नव्हती; तात्पुरता मंडप होता. आजच्या वास्तूची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसवण्यात आली आणि वास्तू पूर्ण होऊन उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे ज्यांच्या आगमनासाठी हा दरवाजा, ते येऊन गेल्याला तेरा वर्षे उलटली होती. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी गुजरातच्या सोळाव्या शतकातील वास्तुशैलीचा आधार घेतला. दगड पिवळसर बेसॉल्ट, जाळ्या ग्वाल्हेरच्या, उंची २६ मीटर, खर्च सुमारे २१ लाख रुपये. पैसे तिथेच संपले. कमानीच्या अक्षात येणारा जो भव्य रस्ता योजला होता तो कधी झालाच नाही. म्हणून आजही शहराकडून येणारा रस्ता गेटवेला तिरका भेटतो. साम्राज्याचा दरवाजा आणि साम्राज्याचा रस्ता यांची गाठ पडली नाही. पर्यटकांच्या छायाचित्रांत ही तिरपी जागा सहसा येत नाही, पण प्रत्यक्ष उभे राहिल्यावर ती डोळ्यांत भरते.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, याच कमानीखालून निघून गेली. येण्याच्या स्मरणार्थ बांधलेला दरवाजा चोवीस वर्षांत जाण्याचा दरवाजा झाला. दगड तोच राहिला, माथ्यावरचा लेखही तोच. अर्थ मात्र पार उलटला. गेटवे पाडावा असे पुढे फारसे कोणाला वाटले नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे. त्याच्यावर राजाचे नाव आहे, चेहरा नाही.

चेहरे असलेल्या पुतळ्यांचे नशीब वेगळे होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर नऊच महिन्यांनी, २६ जानेवारी १९६१ रोजी, गेटवेसमोर पंचम जॉर्जच्या पुतळ्याच्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. समुद्रातून येणाऱ्या राजाच्या जागी, समुद्रावर सत्ता हवी म्हणून स्वतःचे आरमार उभारणारा राजा आला. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर १६७९ मध्ये मराठ्यांनी तट बांधायला घेतला तेव्हा मुंबईतील इंग्रजांची झोप उडाली होती. हे आठवले की पुतळ्याची जागा अधिकच अर्थपूर्ण वाटते.

त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९६१ रोजी, फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा स्मारकाचे अनावरण झाले. तारीख योगायोगाची नव्हती. बरोबर सहा वर्षांपूर्वी, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर याच परिसरात पोलिसांनी गोळीबार केला होता. आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या लोकांच्या तोंडी १०५ अशी रूढ झाली. पुढे ती १०६ आणि १०७ अशी मोजली जाऊ लागली. स्मारकावर कोणी नेता नाही. मशाल उंचावलेले दोघे आहेत, एक कामगार आणि एक शेतकरी. मुंबईच्या चौकात उंच चौथऱ्यावर कष्टकऱ्याला बसवण्याचा हा निर्णय त्याआधीच्या शंभर वर्षांच्या पार्श्वभूमीवर पाहिला की त्याचे मोल कळते.

शेजारच्या फ्लोराची हकिगतही सांगण्याजोगी आहे. इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलँड दगडाचे हे कारंजे मुळात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी योजलेले होते. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव त्याला देण्याचाही बेत होता. त्यांच्याच कारकिर्दीत मुंबईचा कोट पाडला गेला. शेवटी ते कोटाच्या जुन्या चर्चगेटच्या जागेजवळ उभे राहिले आणि माथ्यावरच्या रोमन पुष्पदेवतेच्या नावाने ओळखले जाऊ लागले. फ्रिअर गेले, कोट गेला, दरवाजा गेला. 'फोर्ट' आणि 'चर्चगेट' ही नावे मात्र राहिली, आणि रोज लाखो प्रवासी अस्तित्वात नसलेल्या दरवाजाचे तिकीट काढतात. १९६१ नंतर चौकाचे नाव 'हुतात्मा चौक' झाले. या बाबतीत नवे नाव लोकांनी खरोखर स्वीकारले, कारण ते वरून आलेले नव्हते, रस्त्यावरून आलेले होते.

पुतळे नेमके कोणत्या निकषावर हटवले गेले, याचा शोध घेऊ लागल्यास सुसंगत उत्तर मिळत नाही. एल्फिन्स्टन सर्कलला स्वातंत्र्यानंतर नाव दिले गेले ते बेंजामिन हॉर्निमन यांचे, आणि ते इंग्रजच होते. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक म्हणून त्यांनी सरकारशी झुंज घेतली आणि १९१९ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. म्हणजे प्रश्न गोऱ्या कातडीचा नव्हता. बोरीबंदरच्या स्थानकावरील घड्याळाखालच्या कोनाड्यातून व्हिक्टोरियाचा पुतळा नाहीसा झाला, कोनाडा रिकामा राहिला. पण घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती जागेवरच आहे. प्रगती कोणाच्या नावावर नव्हती, म्हणून ती वाचली.

१९६५ च्या सुमारास शहरात उरलेल्या साम्राज्यकालीन पुतळ्यांची मोडतोड होऊ लागली, आणि ते एकामागून एक हलवण्यात आले. कुठे? भायखळ्याच्या राणीच्या बागेत, जिला आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. काळा घोडा स्वारासह तिथे गेला. व्हिक्टोरिया गेली, तिची कोरीव छत्री सोबत आली नाही, आणि तिचे नाक तुटलेले आहे. कॉर्नवॉलिस गेला. वेलस्ली गेला. ही मंडळी आज बागेत आणि शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहेत. रविवारी मुले हत्ती, पाणघोडे आणि पेंग्विन पाहायला येतात, आणि वाटेत एखाद्या गव्हर्नर-जनरलला ओलांडून पुढे जातात.

पण या बागेत सर्वांत आधी आलेला निर्वासित कोणी इंग्रज नव्हता. तो हत्ती होता. मुंबई बंदरातील घारापुरी बेटाच्या धक्क्याजवळ एक प्रचंड पाषाणी हत्ती उभा होता. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला 'एलिफंटा' नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे मस्तक आणि मान ढासळली. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणून ठेवले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज तो संग्रहालयाजवळ उभा आहे. एलिफंटावर एलिफंट नाही, काळ्या घोड्याला घोडा नव्हता. नावे बंदरावर राहिली आणि ज्यांची ती नावे, ते भायखळ्यात एकमेकांचे शेजारी झाले. फरक एवढाच की हत्तीला त्याच्या जागेवरून साम्राज्याने उपटले, आणि घोड्याला साम्राज्य गेल्यावर हलवले गेले.

पुतळे फोडून टाकण्याऐवजी बागेत ठेवले, हे मुंबईने बरे केले. मात्र ठेवले म्हणजे जपले असे नव्हे. व्हिक्टोरियाच्या पायथ्याशी १८९६ चे डांबर, चापेकर, गज्जर आणि इस्पितळावरचा हल्ला यांची हकिगत सांगणारा ठळक फलक असायला हवा. नाक तुटलेली राणी ही त्यामुळे निव्वळ अवशेष न राहता मुंबईच्या इतिहासाचा एक अस्सल दस्तऐवज होईल.

जानेवारी २०१७ मध्ये काळा घोडा येथे नवा घोडा आला. वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची कल्पना, शिल्पकार श्रीहरी भोसले यांची घडण. या घोड्यावर स्वार नाही. काहींना हा इतिहासाला दिलेला वळसा वाटला, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बिनस्वाराच्या घोड्याकडे पाहून १८७५ चा राजपुत्र किंवा ससूनांची अफू आठवण्याचे कारण उरत नाही. पण दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे लोकांनी स्वाराला वगळूनच त्या जागेचे नाव घेतले होते. नव्या शिल्पाने लोकांच्या उच्चारालाच आकार दिला.

त्याच वर्षाच्या अखेरीस ससून गोदीत एक सार्वजनिक कलाप्रकल्प झाला. मासळीचा वास भरून राहिलेल्या गोदामांच्या भिंती चित्रांनी भरल्या, आणि तिथे राबणाऱ्या कोळी समाजातील माणसांचे मोठमोठे कृष्णधवल चेहरे कागदावर छापून चिकटवले गेले. ससूनांनी राजपुत्राला दिले ते कांसे; गोदीवरच्या कोळणीच्या वाट्याला आला तो कागद. खाऱ्या वाऱ्यात कागद किती टिकतो हे कोळणीला सांगावे लागत नाही.

बंदरावर राबलेल्या आणि मेलेल्या माणसांच्या खुणा शोधायच्या तर गेटवेपासून दूर जावे लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटके एकत्र होती. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो यामुळे. त्यांचे स्मारक अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे, आणि ते मुख्यालयही भायखळ्यातच आहे. हमालांची, वस्तीतल्या बायकामुलांची नावे कोरलेला एकही ठळक दगड बंदराच्या दर्शनी भागात दिसत नाही.

दुसरी खूण मस्जिद बंदर परिसरात, खलाशांसाठी बांधलेल्या 'इंडियन सेलर्स होम'मध्ये आहे. येथे पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे: नौदलाचे, आणि त्याहून पुष्कळ अधिक व्यापारी जहाजांवरचे. दुसऱ्या महायुद्धातील हजारो नाविकांची नावेही येथे नोंदवलेली आहेत. त्यांच्यात सारंग होते, टंडेल होते, बॉयलरच्या तोंडाशी कोळसा ओढणारे होते, भटारखान्यात राबणारे भंडारी होते. रत्नागिरीच्या खाड्यांवरून, गोव्यातून, कच्छमधून, बंगालमधून ते मुंबईला येत आणि याच बंदरातून जहाजावर चढत. पाणतीरांनी जहाजे बुडाली आणि त्यांना कबर वा चिता मिळाली नाही. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशांसाठीच हे स्मारक आहे.

गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून एका दृष्टिक्षेपात शिवाजी महाराजांचा घोडा, पंचम जॉर्जची कमान आणि ताजमहाल हॉटेल दिसते. उत्तरेकडे क्रेनच्या रांगेमागे ती गोदी आहे, जिथे १९४४ चा स्फोट झाला. सेलर्स होम तिच्याही पलीकडे, शहराच्या आत आहे. पाण्यावरून ते दिसत नाही.